सबनीसांची गळती

सबनीस कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी भिंतीला हात लावत. नमस्कार नाही, कसे आहात नाही. तळहात भिंतीवर सपाट टेकवायचा, डोळे किलकिले करायचे आणि वैद्य नाडी बघतो तसं थोडा वेळ गप्प उभं राहायचं.

आम्ही मल्लेश्वरमच्या त्या घरात वरच्या मजल्यावर राहायला गेलो, त्या दिवशी आमचं निम्मं सामान अजून टेम्पोतच होतं. मिरजेहून आलेलो, प्रवासानं अंग आंबलेलं. एवढ्यात खालच्या मजल्यावरचे हे उंच, किडकिडीत गृहस्थ जिना चढून आले, सरळ निजायच्या खोलीत शिरले, पश्चिमेच्या भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "ही गळते." आणि आले तसे निघून गेले.

मी दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंकडे तक्रार घेऊन गेलो. राधक्का मागच्या बाजूला एकट्या राहायच्या. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातलं. घरात मराठी, पण कानडीत चांगली मुरलेली. "एनप्पा, काय बाबा हे," त्या म्हणाल्या, "घर बांधल्यापासून एक थेंब गळला नाही. आता कुठनं गळायला लागलं?" पण बाई सरळ. त्यांनी मेस्त्रीला बोलावलं. त्यानं भिंत ठोकून पाहिली, मग छिन्नी लावली आणि दुपारपर्यंत अर्ध्या भिंतीचं प्लास्टर खाली काढलं. आत ठणठणीत कोरडी वीट.

संध्याकाळी सबनीस आले. ते भगदाड बघून थक्क झाले. "पाणी? पाणी गळतं असं मी कुठं म्हटलं? उष्णता गळते. दुपारचं ऊन या भिंतीतून तुमच्या खोलीत येतं." मग उघड्या विटांकडे बघून जरा हळहळले. "आता तर जास्तच येणार. प्लास्टर काढून टाकलंत ना."

पुन्हा प्लास्टर होईपर्यंत राधक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. सबनीसांशी बोलत राहिल्या. त्यांना सवय होती.

सबनीस एका मोठ्या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. लग्न राहून गेलेलं. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती, कारण सबनीसांना कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर उष्णतेचंच मिळायचं. मी एका सरकारी कारखान्यात हीट ट्रीटमेंट विभागात होतो. दातेरी चाकं भट्टीत लाल करायची, तेलात बुडवायची, कडक झाली की पुढं पाठवायची. हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव टाकून दिलं आणि मला भट्टीवाले म्हणायला लागले.

"किती जाते तुमची भट्टी?"

"नऊशे अंशांपर्यंत."

"असू दे," ते मला धीर देत म्हणाले. "लहान का असेना, भट्टी आहे."

त्यांची स्वतःची दहा कोटी अंशांची होती. म्हणजे कागदावर.

मी पाळी संपवून कंपनीच्या बसनं घरी यायचो तेव्हा अंगात काही उरलेलं नसायचं. एका हातात डबा, दुसऱ्या हातात बायकोनं, मंदानं सांगितलेली भाजी, पाय जड झालेले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर सबनीस उभे असायचे. "स्वल्प थांबा, भट्टीवाले," असं म्हणायचे. बेंगळुरात इतकी वर्षं काढून त्यांनी कानडीतला हा एकच शब्द उचलला होता, आणि तोही चुकीचा वापरायचे. स्वल्प म्हणजे थोडं. त्यांचं थोडं म्हणजे माझा चहा, आंघोळ आणि बातम्या मिळून जेवढा वेळ होईल तेवढं.

त्या जिन्यात उभ्या उभ्या मला जे कळलं ते असं. सूर्याच्या पोटात जे जळतं ते माणसाला पृथ्वीवर पेटवायचंय. त्यासाठी हायड्रोजन इतका तापवायचा की तो साधा वायूही राहत नाही. मग एवढं तापलेलं ठेवणार कशात? कुठलंही भांडं घ्या, टिकणार नाही. म्हणून ते चुंबकांच्या जोरावर अधांतरी धरून ठेवायचं, मेदुवड्याच्या आकारात. मेदुवड्याच्या गाभ्यात दहा कोटी अंश आणि तिथून दोन हातांवर साधी पोलादाची भिंत.

"हिशेबानं ही उष्णता आत सुखानं राहायला हवी," सबनीस म्हणायचे. "चुंबकानं धरलंय ना तिला? पण राहत नाही. हिशेबापेक्षा कितीतरी पटींनी भराभर बाहेर पळते. सगळ्या देशांत, सगळ्या यंत्रांत. गेली कुठे? कुठल्या वाटेनं गेली?"

हे 'गेली कुठे' ते अशा काही सुरात म्हणायचे की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबायची. त्यांना वाटायचं, यांच्या घरचं कुणीतरी हरवलंय.

माणूस निव्वळ कागदावरचा. हातानं केलेला त्यांचा एकच प्रयोग मला ठाऊक आहे. राधक्कांच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा मोठा हंडा होता, खाली लाकडं घालायची. सबनीसांनी त्याला एकदा हात लावला, भाजून घेतला आणि जाहीर केलं की निम्मी उष्णता फुकट जातेय. रविवारी त्यांनी हंड्याला काथ्या गुंडाळला आणि वरून राधक्कांच्या सासूबाईंच्या वेळची गोधडी बांधली. पाणी खरंच लवकर तापलं. मग न्हाणीघरातून धूर यायला लागला. राधक्कांनी बादलीभर पाणी ओतून ते सगळं विझवलं आणि पदरानं डोळे पुसत शांतपणे म्हणाल्या, "सबनीस अण्णा, तुमचा सूर्य ऑफिसात ठेवा."

"सिद्धांत बरोबर होता," सबनीस मला जिन्यात म्हणाले. "गोधडी चूक होती."

गंमत म्हणजे स्वतःला ते फार जपायचे. नोव्हेंबर लागला की कानटोपी, दोन स्वेटर, पायांत लोकरी मोजे. दहा कोटी अंशांबद्दल बोलताना त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर सर्दीचा थेंब लोंबत असायचा.

आता आर्काडीबद्दल सांगायला हवं, कारण सबनीसांच्या आयुष्यात दुसरं माणूस म्हणावं असं तेवढंच होतं.

तरुणपणी सबनीस दोन वर्षं मॉस्कोला शिकायला होते. हे मेदुवड्याचं यंत्र मुळात रशियनांचंच. तिथं त्यांच्या शेजारच्या टेबलाला हा आर्काडी बसायचा. पहिल्याच आठवड्यात दोघांचं भांडण झालं आणि ते पुढं पंचवीसएक वर्षं टपालानं चालू राहिलं. भांडण एवढंच की उष्णता कुठल्या वाटेनं पळते. सबनीसांचं म्हणणं, त्या तापलेल्या द्रव्यात बारीक बारीक भोवरे उठतात, उकळत्या आमटीत उठतात तसे, आणि आतलं गरम बाहेर, बाहेरचं गार आत अशी फेकाफेक चालते. आर्काडीचं म्हणणं, भोवरे वगैरे काही नाही, दोष चुंबकाच्या धरण्यातच आहे. त्याच्या रेषा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकावर एक बसायला हव्यात, पण त्या जागोजागी उसवतात, एकमेकींत गुंततात, आणि त्या गुंत्याला धरून उष्णता सरळ बाहेर निघून जाते.

मॉस्कोहून पत्र आलं की आम्हाला वर कळायचं. सबनीस ते फाटकातच फोडायचे, उभ्यानं वाचायचे आणि "गाढव आहे" असं म्हणत आत जायचे. मग चार दिवस जिन्यावर कुणी अडवायचं नाही. ते उत्तर लिहीत असायचे. तेवढे चार दिवस मला वेळेवर चहा मिळायचा. खोटं कशाला सांगू, मी त्या रशियनाला मनातल्या मनात दुवा द्यायचो.

मग एका वर्षी संस्थेत कसली तरी परिषद भरली आणि आर्काडी स्वतःच आला. हॉटेलची सोय असताना तो सबनीसांकडे उतरला. मी बाल्कनीत होतो. ऑटोतून एक अवाढव्य माणूस महाप्रयासानं बाहेर निघाला. मार्च महिना, अंगात जाड लोकरी कोट. फाटकात उभ्या असलेल्या सबनीसांना त्यानं मिठीत उचललं आणि खणखणीत मराठीत म्हणाला, "गाढव."

सबनीसांनी मला नंतर खुलासा केला. "मॉस्कोत मी त्याला म्हणायचो. त्याचा समज झाला की आमच्याकडे विद्वान माणसाला असं म्हणतात. मी दुरुस्त केलं नाही."

त्या संध्याकाळी मंदानं दोघांना जेवायला बोलावलं. आर्काडीनं माझा हात हातात घेतला, मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुम्ही भट्टीवाले? तुम्हीसुद्धा गाढव?" दिवसभर भट्टीपुढं उभं राहून आलो होतो. मी म्हटलं, हो, मीसुद्धा. मंदाला हसू आवरेना, ती स्वयंपाकघरात निघून गेली.

जेवण राहिलं बाजूला. सबनीसांनी आमटीचं पातेलं जवळ ओढलं आणि डावानं भोवरे काढून दाखवायला लागले. आर्काडीनं इकडं तिकडं पाहिलं, मंदाच्या टोपलीतला लोकरीचा गुंडा उचलला आणि रेषा कशा गुंततात ते दाखवायला तो उलगडला. त्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्या स्वेटरची अर्धी बाही होती. इंग्रजी संपलं की दोघं रशियनवर जायचे, आणि सबनीस फार चिडले की मराठीवर यायचे. आर्काडी मराठीला मान डोलवायचा. बाही संपली, आमटी गार झाली. मी आणि मंदा गार आमटीभात जेवलो.

आर्काडीनं निघायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट सांगितली, हसत हसत. त्यांच्या देशाची घडी विस्कटली तेव्हापासून त्याच्या संस्थेत हिवाळ्यात खोल्या तापवायला काही नसतं. माणसं ओव्हरकोट आणि हातमोजे घालून बसतात. शाई गोठते, म्हणून शिसपेन्सिलीनं लिहितात. तो पोट धरून हसत होता. सबनीस हसले नाहीत. नंतर जिन्यात मला म्हणाले, "मूर्खपणा आहे. ताऱ्याच्या पोटाचा हिशेब करणारी माणसं, आणि बोटं गारठून पेन्सिल धरता येत नाही." ते आर्काडीवरच रागावले होते की काय, कळेना.

विमानतळावर मी बरोबर गेलो होतो. निरोपाचं कुणी काही बोललं नाही. आत सोडायच्या दारापर्यंत दोघं भांडत होते, आणि आर्काडी आत गेल्यावरही काचेपलीकडून बोटांनी हवेत रेषांचा गुंता करून दाखवत होता. परतताना सबनीसांचा घसा बसला होता. चेहरा मात्र लग्न लावून परतलेल्या वधूपित्यासारखा, थकलेला आणि तृप्त.

त्यानंतर तीनेक वर्षांनी सबनीस जिंकले.

म्हणजे त्यांनी काही केलं नाही. परदेशात मोठमोठे संगणक निघाले होते, त्यांवर कुणीतरी त्या द्रव्याचं सबंध चित्र काढून पाहिलं आणि त्यात भोवरे दिसले. सबनीस म्हणायचे त्याच जागी, त्याच आकाराचे, तेवढीच उष्णता पळवणारे. संस्थेतल्या लोकांनी पेढे वाटले. सबनीसांनी वर आणून एक मंदाच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आता बघा, त्याचं काय पत्र येतं ते. पानंच्या पानं शिव्या असतील." आठवडाभर ते टपालवाल्याची वाट बघत फाटकाशी घुटमळत होते.

पत्र आलं नाही. संस्थेतल्या संगणकावर दुसऱ्याच कुणाचा तरी निरोप आला.

त्या दिवशी मी जिन्याशी आलो तेव्हा ते नेहमीच्या जागी उभे होते. मी डबा खाली ठेवला, आता अर्धा तास गेला असं धरून. ते म्हणाले, "भट्टीवाले, आर्काडी गेला. हृदय बंद पडलं म्हणतात." मी काहीतरी बोललो. ते म्हणाले, "जा तुम्ही, दमून आलायत," आणि आत गेले.

मग जिना मोकळा झाला. मी रोज सरळ वर जायचो. चहा गरम मिळायचा, बातम्या पहिल्यापासून ऐकता यायच्या. बरं वाटायला हवं होतं. खालून कुकरची शिट्टी यायची, रेडिओ लागायचा आणि बंद व्हायचा. एकदा राधक्का वर येऊन मंदाला म्हणाल्या, "सबनीस अण्णांना स्वल्प बघा. काल मी दार उघडून उभी, म्हटलं या, भिंत बघून जा. नको म्हणाले."

पुढं काही महिन्यांत ते निवृत्त झाले. संस्थेत शेवटचं व्याख्यान ठेवलं होतं. आम्हा तिघांना त्यांनी आमंत्रण दिलं. मी अर्धी रजा टाकून गेलो. राधक्का रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मला खुर्ची मऊ लागली आणि पंख्याखाली डोळे मिटायला लागले. संचालकांनी प्रास्ताविक केलं. आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिलेल्या आणि शेवटी खऱ्या ठरलेल्या माणसाकडून आज आपण त्या विजयाची कहाणी ऐकणार आहोत, असं काहीसं.

सबनीस उठले. फळ्यापाशी गेले. खडू हातात घेऊन म्हणाले की माझं म्हणणं आता सगळ्यांना माहीत आहे, पुस्तकांतही येईल, ते मी सांगत नाही. आज दुसरं सांगतो.

आणि त्यांनी फळ्यावर कांद्याचे पापुद्रे काढले.

पुढचा तासभर ते आर्काडीचं म्हणणं मांडत होते. माझी झोप उडाली. समीकरणं मला कळत नव्हती, पण माणूस कळत होता. जिन्यात अडखळत, नाक पुसत बोलणारे ते सबनीस नव्हतेच. आवाज मोठा, हात मोठे, बोटं हवेत गुंतलेली. रेषा कुठं उसवते, दुसरीत कशी शिरते, उष्णता त्या वाटेवरून कशी धावत सुटते. आपल्याच जुन्या आक्षेपांची त्यांनी एकेक करून अशी खिल्ली उडवली की पोरं हसायला लागली.

मागून एक दाढीवाला तरुण संशोधक उठला. "पण सर, हे सगळं आता चुकीचं ठरलंय ना? तुमच्याच कामानं?"

"तुम्ही फार घाई करता," सबनीस म्हणाले. "त्या संगणकानं चुंबकाच्या रेषा हलूच दिल्या नव्हत्या. हात बांधून ठेवलेल्या माणसावर चोरीचा आळ येतच नाही. एकदा हलू द्या, मग सांगा मला."

तरुण गोंधळून खाली बसला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. संचालक घड्याळाकडे बघत होते. सबनीसांनी फळा पुसला नाही. खडू ठेवला, आर्काडीचं पूर्ण नाव घेतलं आणि आभार मानून जागेवर जाऊन बसले. टाळ्या जरा उशिरा सुरू झाल्या.

राधक्का आणि मंदा पुढच्या ऑटोत बसल्या. मी आणि सबनीस मागच्या. त्यांच्या मांडीवर शाल आणि हार. बाहेर बघतच त्यांनी विचारलं,

"तुम्हाला काही कळलं का हो?"

"खरं सांगू? फारसं नाही."

"तरी. ऐकून काय वाटलं? बरोबर कोण?"

"आर्काडी," मी म्हणालो.

ते माझ्याकडे वळले. "नक्की? माझ्यासाठी म्हणून सांगत नाही ना?"

"नाही. ऐकताना दुसरं काही खरं असेल असं वाटलंच नाही."

त्यांनी मान हलवली. मांडीवरची शाल उगाच नीट केली. सिग्नलला ऑटो थांबला, शेजारी बस येऊन उभी राहिली, धूर आत आला.

"चूक होता हो तो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "पहिल्या दिवसापासून चूक होता. मला वाटलं होतं, त्याला पटवता पटवता अजून पुष्कळ वर्षं जातील." मग म्हणाले, "माझी तयारी होती."

सिग्नल सुटला. ऑटोवाल्यानं मान मागे वळवून कानडीत विचारलं, डावीकडं घेऊ की सरळ. मीच म्हणालो, "स्ट्रेट होगि," आणि त्यांच्या मांडीवरून घसरणारा हार धरून बसलो.